दुभाषी सुट्टीवर आहे

लोकांना वाटतं, ज्या घरात आई आणि बाबा दोघांनाही ऐकू येत नाही ते घर शांत असेल. अहो, एकदा येऊन तर बघा! आई कपाटाचं दार लावते ते तळमजल्यावर कळतं. बाबा खुर्ची उचलत नाहीत, फरफटत नेतात. ते चहा प्यायला लागले की मी 'पंप सुरू झाला' अशी खूण करते, मग ते मला चिडवायला आणखी जोरात भुरके मारतात. नळ वाहतोय, झाकणं पडतायत, दारं आपटतायत आणि त्या सगळ्या धबडग्यात दोघं अगदी निवांत. आमच्या घरात शांत असते ती फक्त दाराची बेल. ती वाजत नाही, पेटते. बाहेरून कुणी बटण दाबलं की बाहेरच्या खोलीतला लाल दिवा लुकलुकतो.

बाबा सुतार आहेत. आई कपडे उसवून-टाचून मापाचे करून देणाऱ्या दुकानात शिवणकाम करते. आमचं पोट हातावर आहे आणि बोलणंही हातावरच. आमच्याकडे नावं हाक मारायला नसतात, दाखवायला असतात. कानामागे पेन्सिल खोचल्यासारखं केलं की बाबा. चिमटीत सुई धरली की आई. आणि गालावर बोट टेकवून गर्रकन फिरवलं की मी, कारण मला खळी पडते. शाळेत मात्र मला पोपट म्हणतात. जन्मल्यापासून माझी टकळी चालू आहे, त्याला मी काय करू?

टकळी चालायचं कारण साधं आहे. आमच्या घराचं तोंड मी. बँकेत मी, भाडं वाढवायला आलेल्या मालकीणबाईंसमोर मी, वीजवाल्याच्या फोनवर मी. दातांच्या डॉक्टरांनी आईला काही विचारलं की उत्तर मी द्यायचे. एकदा तर ते आईला म्हणाले, "आ करा," आणि सवयीने मीच आ केला.

म्हणून या वर्षी, नववीत, वादविवादाच्या संघात माझी निवड झाली तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. सरांनी पहिल्यांदा उभं केलं आणि म्हणाले, "बोल. तुझं मत काय?" मी मागे वळून पाहिलं. माझं? तोवर माझ्या तोंडून निघालेलं निम्मं बोलणं दुसऱ्याचं होतं. मग मी जी सुटले ती सरांनी घंटा वाजवली, फळा वाजवला, शेवटी डस्टर आपटला तेव्हा थांबले. अंगात वीज खेळत होती नुसती! घरी जाताना मी पायऱ्या उतरले नाही, उड्या मारत आले.

पुढे आमचा संघ चक्क मोठ्या स्पर्धेत गेला. दुसऱ्या गावी, आठवडाभर तिथेच राहायचं, अंतिम फेरीपर्यंत पोचलो तर शेवटच्या दिवशी मोठ्या सभागृहात. सरांनी ही बातमी दिली तेव्हा सगळा संघ नाचला. मीही नाचले. मग तारखा ऐकल्या आणि खाली बसले.

"सर, मला नाही जमणार."

"घरी विचारलंस?"

"विचारून काय करू? मला माहीत आहे ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "पोपट एका वाक्यात गप्प झाला म्हणजे प्रकरण गंभीर आहे. जा, जिन्याखाली जाऊन ये."

जिन्याखाली म्हणजे झाकणताईंकडे.

झाकणताई आमच्या शाळेच्या समाजसेविका. दारावरच्या पाटीवर 'शालेय समाजकार्यकर्ती' असं भारदस्त लिहिलंय, पण ते म्हणेपर्यंत मधली सुट्टी संपते. त्यांची खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. अजून तिथे रबरी चेंडूंचा वास येतो. कोपऱ्यात शाळेत सापडलेल्या बेवारस वस्तूंचा भलामोठा खोका, आणि त्यातल्या पाण्याच्या बाटल्या एकीकडे, झाकणं दुसरीकडे. कुणी मुलगा-मुलगी आली की ताई समोर बसवून 'हं बाळ, सांग काय होतंय' असलं काही करत नाहीत. शेजारी बसतात, झाकणांचा ढीग पुढे सरकवतात आणि म्हणतात, "हिचं झाकण शोध बघू." माणूस झाकण शोधायला लागला की त्याच्या तोंडाचं झाकण आपोआप निघतं. पाचवीतली एक मुलगी डबा न खाताच परत न्यायची, तिच्या घरचं भांडण ताईंना असंच कळलं, आणि मग ताई तिच्या आजीला जाऊन भेटल्या, वडिलांना भेटल्या. आता ती मुलगी दुसऱ्यांचेही डबे खाते.

मी खाली बसले. ताईंनी निळी बाटली माझ्या हातात दिली.

"निळं दिसतंय का कुठे?"

"हे बसत नाही."

"फिरवून बघ. स्पर्धेला नाही म्हणालीस म्हणे."

"घरी अडचण आहे."

"कुणाची?"

हा काय प्रश्न झाला? "त्याच आठवड्यात आईला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय. ती तारीख मिळता मिळता नाकी नऊ आलेत. मी नसले तर तिथे बोलणार कोण?"

"मागच्या वेळी कोण बोललं?"

"मीच."

"काय म्हणाले डॉक्टर?"

माझ्या हातातलं झाकण फिरायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले होते, गळ्यात गाठ आहे, सुई घालून नमुना घेतो, आत काय आहे ते पुढच्या भेटीत कळेल. हे सगळं मी ऐकलं, आणि आईकडे वळून हातांनी सांगितलं, 'थोडी सूज आहे. सुईने पाणी काढतील. परत बोलावलंय.' 'आत काय आहे' हे माझ्या बोटांवर आलंच नाही. बोटं चिकटल्यासारखी झाली. तेव्हापासून पहिल्या तासाला मला झोप यायची, कारण घरी झोप येत नव्हती.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईंना सांगितलं, झाकणांकडे बघत बघत.

ताईंनी माझ्या हातातली बाटली घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मी घरी आले तर चालेल?"

"या की! पण बेल वाजणार नाही हं, पेटेल. घाबरू नका."

त्या आल्या तेव्हा मी आंघोळीला गेले होते, आणि आईने नेमका लाल दिव्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता. ताईंनी बेल दाबली. वाट पाहिली. पुन्हा दाबली. मग त्यांना काळजी वाटली, म्हणून दार ठोठावलं. मग हाका मारल्या. समोरच्या काकू बाहेर आल्या, वरचे आजोबा काठी टेकत खाली आले, तिसऱ्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. सगळी इमारत दारं उघडून उभी, बंद फक्त आमचंच. मी डोक्याला साबण तसाच घेऊन धावले.

आईने बिस्किटं काढली. बाबांनी स्वतः बनवलेली सगळ्यांत चांगली खुर्ची दिली. ताई बसल्या आणि आईकडे बघून बोलायला लागल्या. मी मध्ये उभी, नेहमीसारखी.

"तुमची मुलगी हुशार आहे."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. 'फार' एवढं पदरचं घातलं.

"पण ती दमलेली असते. वर्गात झोपते. तिच्यावर वयापेक्षा मोठी जबाबदारी आहे असं मला वाटतं, आणि त्याबद्दल तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचंय."

माझे हात म्हणाले, 'ताईंना आपलं घर आवडलं. कपाट तर फारच.'

बाबा खूश! लगेच उठून त्यांनी कपाटाचे खण उघडून दाखवले, लाकडाचे सांधे दाखवले, ताईंचा हात धरून कडेवरून फिरवायला लावला. बघा, कुठे टोचतंय का! ताईंनी कडेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मी एवढं लांबलचक बोलले, आणि तुझे हात एवढ्यात थांबले?"

"आमची भाषा सुटसुटीत आहे."

"अस्सं? आणि त्यात कपाट कुठून आलं?"

मी डोळे चोळले. डोळ्यांत साबण गेला होता हे खरं, पण डोळे त्याने चुरचुरत नव्हते.

जाताना जिन्यात ताई म्हणाल्या, "तू पट्टीची दुभाषी आहेस, खरंच. पण स्वतःच्याच खटल्यात स्वतःच वकील, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश, असं कसं चालेल गं? आईबाबांना शाळेत घेऊन ये. दुसरा दुभाषी मी आणते. त्या दिवशी तू सुट्टीवर."

दुसरा दुभाषी! मला तर हसूच आलं. आमच्या घरात दुसरं तोंड?

तो दुसरा दुभाषी म्हणजे एक आडदांड दादा निघाला. दाढी छातीपर्यंत, आवाज असा की जिन्याखालची ती खोली घुमली. त्याने हात वर केले मात्र, आणि आईचा चेहरा फुलला. त्याचे हात इतके सफाईदार होते की मला थोडी जळजळच झाली. ताई आईच्या समोर बसल्या, दादा त्यांच्या जरा मागे. आणि ताई बोलत होत्या ते सरळ आईकडे बघून, दादाकडे नाही. त्यांच्या बोटांना मात्र चैन नव्हतं. एका बाटलीचं झाकण त्या सारखं लावत होत्या, काढत होत्या. मी कोपऱ्यात हातांवर बसले. अक्षरशः हातांवर, मांड्यांखाली घालून, नाहीतर ते उडाले असते.

आईने बोलायला सुरुवात केली आणि दादा त्या घुमत्या आवाजात म्हणाला, "मी तिची आई आहे. नऊ महिने पोटात वाढवलंय मी तिला."

मला जे हसू फुटलं! दाढीकडे बघावं तर जास्तच. आईने डोळे वटारले, मग दादाकडे बघितलं, आणि तिलाही कळलं असावं, कारण तिचेही खांदे हलायला लागले.

मग ताईंनी सगळं सांगितलं. आता कपाट नाही, काही नाही, सगळं जसंच्या तसं. वर्गातली झोप. स्पर्धा. मी दिलेला नकार. आईच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"कोण म्हणतं आमचं हिच्यावाचून अडतं?" दादा आईच्या वतीने गरजला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी म्हणते," मी म्हणाले. आणि दादाने ते आईला हातांनी सांगितलं. माझं बोलणं, माझ्याच आईला, परक्याच्या हातांनी! कसंतरीच वाटलं. पण गंमत बघा, मला पहिल्यांदाच आईचा पूर्ण चेहरा निवांत बघता आला. एरवी माझं अर्धं लक्ष पुढचं वाक्य जुळवण्यात असतं.

"तू जन्मायच्या आधी आम्ही काय हवा खाऊन जगत होतो?" आई विचारत होती. "घर कुणी शोधलं? आमचं लग्न कुणी जमवलं? आम्हीच! दुकानदाराने बिघडलेलं शिलाई मशीन गळ्यात मारलं, ते त्याच्या दारात उभं राहून, भांडून बदलून कुणी आणलं? आणि तेही एक अक्षर न बोलता!"

बाबा म्हणाले, "काउंटरला हनुवटी पोचत नव्हती तेव्हापासून ही पुढे धावते. टाचा उंचावून बोलते. आम्हाला वाटलं, हिला आवडतं. नको म्हटलं तर पोरीचं मन मोडेल."

"आवडायचं," मी म्हणाले. "म्हणजे आवडतं. पण सगळंच नाही."

ताईंनी हळूच विचारलं, "सांगायचंय का तुला काही?"

"मी सुट्टीवर आहे ना?"

"दुभाषी सुट्टीवर आहे. मुलगी नाही."

मग मी मांड्यांखालून हात काढले. दादाला थांब म्हटलं आणि आईला स्वतःच सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, सगळं. गाठ. सुई कशाला ते. आत काय असू शकतं ते. या वेळी बोटं चिकटली नाहीत. दादा माझ्या हातांवर नजर ठेवून ताईंसाठी ते अगदी हलक्या आवाजात बोलत गेला.

आईने सगळं बघून घेतलं. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलत होते, माझ्याकडे नाही. मी तुझ्याकडे बघत होते. तू 'सूज' म्हणालीस तेव्हा तुझी खळी पुसली गेली. मी चेहरे वाचून जगते, वेडे. तुझा तर मला पाठ आहे."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, पोर घाबरलीय. आईला कळलं नाही असं वाटून तेवढाच तिला धीर येत असेल तर येऊ दे."

म्हणजे मी तिला सांभाळत होते आणि ती मला! दोघी आपापल्या उशीवर जाग्या! मला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम आलं की नाक वाहतं. तेवढ्यात बाबांनी टेबलावर दण्णदिशी हात आपटला. झाकणं टणाटणा उडाली.

"म्हणजे या घरात मला एकट्यालाच कुणी काही सांगत नाही!" दादाने तो राग इतका मनापासून बोलून दाखवला की वरचा जिना चढणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई खाली डोकावून गेल्या.

त्यानंतर ताईंनी कामाचं बोलायला सुरुवात केली. रुग्णालयात दुभाषी मागता येतो, फक्त मागावा लागतो, आपणहून कुणी विचारत नाही. त्यांनी फोन करून ठेवला होता. दादा आईबरोबर जाणार होता. "आईला तिचा आजार समजावून सांगणं हे मुलीचं काम नाही," ताई म्हणाल्या. "मुलीने आईच्या शेजारी बसून त्या आजाराला शिव्या घालायच्या."

आई उठून उभी राहिली. गालावर बोट टेकवून फिरवलं, म्हणजे मी. मग हात लांब फेकला. आणि दादा त्या ढगासारख्या आवाजात म्हणाला, "ही स्पर्धेला जाणार!"

आजवर मी ऐकलेल्या वाक्यांत हे सगळ्यांत सुंदर वाक्य आहे, आणि ते दाढीतून आलं.

संघात आम्ही मुलीच जास्त, म्हणून सरांच्या सोबतीला ताईही आल्या. राहायची खोली, पलंगावर पलंग, खिडकीबाहेर एक वेडंवाकडं झाड, सगळं मला नवं! मी वरचा पलंग पटकावला. पहिली फेरी जिंकलो. दुसरीही. मी बोलायला उभी राहिले की हातही आपोआप बोलायला लागायचे. सरांची एकच तक्रार. "पोपट, हात पाठीमागे! काय वारा घालतेस परीक्षकांना?"

आईच्या तपासणीच्या दिवशी मात्र सकाळपासून मी ताईंच्या फोनवर डोळा ठेवून होते. फेरी झाली आणि ताईंनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर आई. मागे रुग्णालयाचा लांब व्हरांडा आणि दादाची अर्धी दाढी.

'गाठीत वाईट काही नाही,' आईचे हात म्हणाले. 'गळ्यातली ग्रंथी आळशी आहे. तुझ्या बाबांसारखी. रोज सकाळी गोळी घ्यायची, बस्स.'

मी जी किंचाळले! शेजारच्या संघाला वाटलं आम्हीच जिंकलो. ताईंना मी उचललंच जवळजवळ. त्या म्हणाल्या, "अगं खाली ठेव, माझी कंबर!"

'आणि ऐक,' आई सांगत होती, 'या वेळी डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले. मी त्यांना खूप प्रश्न विचारले. शेवटी घामाघूम झाले बिचारे.'

'घरी सगळं नीट आहे ना? मी नाही तर?'

बाबा पडद्यात घुसले. 'नळ गळत होता. नळवाल्याला बोलावून आणलं. मी फरशीवर खडूने चित्र काढून दाखवलं. आता रविवारी तो माझ्याकडून स्टूल बनवून घेणार आहे.'

फोन ताईंना परत देताना माझं तोंड पडलं.

"काय गं?" ताई म्हणाल्या.

"माझ्याशिवाय नळ दुरुस्त झाला!"

"वाईट वाटलं?"

"थोडंसं."

"वाटू दे. तेवढा तुझा हक्कच आहे."

आणि आम्ही अंतिम फेरीत पोचलो! सभागृह असं की मागच्या रांगेतली माणसं बोटाएवढी दिसत होती, म्हणून बोलणाऱ्यासमोर कॅमेरा आणि त्याच्या पाठीमागे भलामोठा पडदा. विषय होता 'शांतता म्हणजेच शिस्त' आणि आम्हाला विरुद्ध बाजू. समोरच्या संघाची प्रमुख एक चष्मेवाली, इतकी तयारीची की तिच्या पाणी पिण्यातही मुद्दा असायचा. तिने शांततेवर असं काही भाषण केलं की लोक श्वासही जपून घ्यायला लागले. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी उभी राहिले. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

धाड!

मागचं दार आपटलं. सगळं सभागृह दचकलं, मी सोडून. ते आपटणं मी झोपेतही ओळखेन. दारात आई, मागे बाबा. दोघंच! दादा नाही, कुणी नाही. बस बदलत, रस्ता विचारत, कागदावर चित्रं काढत आले होते, आणि मला पत्ताही लागू दिला नव्हता.

आईने मला बघितलं आणि तिथूनच, सगळ्या रांगांवरून, तिचे हात उडायला लागले.

"हरकत!" चष्मेवाली ताडकन उठली. "प्रेक्षकांतून खुणा करून मुद्दे पुरवले जातायत!"

गलका झाला. घंटा वाजली. सरांनी कपाळाला हात लावला. बाहेरून मदत म्हणजे संघ बाद, असा नियमच होता. मुख्य परीक्षक म्हणजे एक कडक आजी, चष्म्यावरून बघणाऱ्या.

"त्या बाई कोण? काय सांगतायत?"

मी तोंड उघडलं.

"तू नाही," आजी म्हणाल्या. "तू पक्षकार आहेस. तुझं भाषांतर आम्ही कसं मानायचं? दुसरं कुणी आहे?"

दादा तर तिकडे आमच्या गावी! एवढं सगळं करून इथवर आले, आणि आता आईच्या हातांमुळे बाद होणार?

तेवढ्यात पहिल्या रांगेतून झाकणताई उठल्या.

"मी प्रयत्न करते. शिकतेय. कच्ची आहे."

शिकतायत? कधीपासून? त्यांनी आईकडे वळून दोन्ही हात वर केले आणि अगदी बोबड्या हातांनी विचारलं, 'पुन्हा. सांगा. हळू.' आईने कपाळाला आठी घातली, मग लहान मुलाला शिकवावं तसं एकेक खूण सावकाश केली.

"त्या म्हणतायत," ताई चाचपडत म्हणाल्या, "मानेजवळ... कॉलर. कॉलर आत दुमडलीय. एक बाजू. आणि... 'कॅमेऱ्यासमोर अशी उभी राहणार आहेस का? लोक म्हणतील आई शिवणकाम करते की झोपा काढते!'"

सगळ्या सभागृहाने माझ्या मानेकडे बघितलं. मी हात लावला. कॉलर आत होती.

जो हशा उठला! चष्मेवालीसुद्धा हसली, चष्मा काढून डोळे पुसायला लागली. परीक्षक आजींनी ओठ घट्ट दाबले, पण त्यांचे खांदे काही ऐकेनात.

"हरकत फेटाळली," त्या म्हणाल्या. "कॉलर नीट कर आणि सुरू कर."

मी कॉलर नीट केली. आणि पाठ केलेली सुरुवात कुठल्या कुठे गेली, पण मला तिची गरजच नव्हती.

"आदरणीय परीक्षक," मी म्हणाले, "आत्ता जे दार आपटलं ते माझ्या आईने आपटलं. माझ्या आईबाबांना ऐकू येत नाही, आणि आमच्याएवढं गोंगाट करणारं घर तुम्हाला सापडायचं नाही. पण माझी आई शिवते तो टाका कधी वाकडा जात नाही. माझे बाबा चहा पितात तो शेजारी ऐकू जातो, पण त्यांनी घासलेल्या लाकडावर हात फिरवा, टोचणार नाही. शिस्त कानाने मोजता येत असती ना, तर..."

हात केव्हा पाठीमागून सुटले मला कळलंच नाही. सर काही म्हणाले नाहीत.

चषक चष्मेवालीच्या शाळेने नेला, केसाएवढ्या फरकाने. मी रडणार होते, पण आईने वेळच दिला नाही. 'त्या परीक्षकांचे शर्ट बघितलेस?' ती म्हणाली. 'एकाचाही खांदा नीट बसत नव्हता. त्यांना काय कळतंय!' बाबा जाऊन व्यासपीठाचं लाकूड तपासून आले आणि नाक मुरडलं. चष्मेवालीने येऊन 'शाब्बास'ची खूण कशी करतात ते विचारलं, आणि आईने तिची कॉलरही नीट करून टाकली.

मग आई झाकणताईंसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्याकडे बोट केलं. एक मूठ धरली, दुसऱ्या हाताची बोटं तिच्यावर ठेवली आणि गर्रकन फिरवली. झाकण लावल्यासारखं. पुन्हा एकदा. बाबांनीही तसंच करून मान डोलावली. ठरलं!

मी बघतच राहिले. शाळेतलं टोपणनाव मी घरी कधीच सांगितलं नव्हतं. पण आई हात बघते. त्या दिवशी ताईंची बोटं झाकणाशी चाळा करत होती, ते तिने बघून ठेवलं होतं. आमच्यात नाव असंच मिळतं, आणि ते कुणालाही मिळत नाही.

"काय म्हणतायत त्या?" ताईंनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि दोन्ही हात खिशात घातले.

"मी सुट्टीवर आहे," मी म्हणाले. "तुम्हीच विचारा ना!"

ताई हसल्या, आईकडे वळल्या आणि त्यांनी हात वर केले.